गंगुबाईंचं निळं बटण

मी निळं बटण बोलतोय. फोनच्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात एक निळं चौकोनी चित्र दिसतं ना, तोच मी. कंपनीनं माझं बारसं केलं तेव्हा मला एक चकचकीत इंग्रजी नाव दिलं होतं. पण पत्रिकेतलं नाव एक आणि हाक मारायचं दुसरं, ही आपल्याकडची रीतच आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या गंगुबाईंनी मला पहिल्या दिवसापासून निळं बटण म्हटलं आणि तेच नाव मला लागलं.

लोक आम्हाला ॲप म्हणतात. कुठल्याशा शहरातल्या काचेच्या इमारतीत काही तरुण मुलांनी चहा पीत, जांभया देत, एकमेकांची थट्टा करत मला घडवलं. त्यांनी मला दोनच कामं शिकवली. रिचार्ज कधी संपतोय ते गिऱ्हाइकाला सांगायचं, आणि नेट कितीही अशक्त असलं तरी त्यावरून माणसाचा आवाज पलीकडे पोचवायचा. माझं अंग हलकं. मोठी ॲप्स जिथं धापा टाकत बसतात तिथं मी निभावून नेत असे.

मी एकच, पण राहत असे हजारो फोनांत. देव एकच, पण घटाघटांत निराळा दिसतो, असं गंगुबाई कीर्तनात ऐकून आल्या होत्या आणि दोन दिवस शेजारच्या हौसाला ते समजावून सांगत होत्या. मी काही देव नाही. पण एकाच वेळी पुष्कळ घरांत असणं म्हणजे काय, हे मला थोडंफार कळतं. एका घरी कुणी भांडत असे, एका घरी बारशाची बोलणी चालू असत, आणि मी दोन्हीकडे असे.

गंगुबाईंच्या फोनमध्ये मला सुजयनं आणलं. सुजय त्यांचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत काम करतो. वडील तो शाळेत असतानाच गेले. नारळी, परसातला भाजीचा वाफा आणि मुलगा, एवढ्यावर बाईंनी संसार उभा ठेवला. जहाजावर निघायच्या आदल्या दिवशी सुजय पडवीत बसला, आईचा जुना फोन मांडीवर घेतला आणि मला त्यात बसवलं. जहाजावरचं नेट पुरत नाही, म्हणून कप्तान बाकीची सगळी ॲप्स बंद ठेवतो, हे एवढंच चालतं, असं त्यानं आईला सांगितलं. गंगुबाईंनी ऐकून घेतलं, उठून देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि कुंकवाचं बोट आणून काचेवर टेकवलं. नवी वस्तू घरात आली की तिचा मान करायचा असतो. सुजय हसला, पण त्यानं ते कुंकू पुसलं नाही.

तेव्हापासून आठ-दहा दिवसांनी, जहाजावर त्याची पाळी आली की, मी वाजत असे. काय बोलणं होत असे म्हणाल, तर खास काहीच नाही. जेवलास का, काय जेवलास, तिथला भात अजून तसाच फडफडीत असतो का. मग इकडची खबर. नारळ उतरवायला माणूस आला नाही, शेजारची गाय व्याली, भाट्याच्या पुलावर खड्डा पडलाय. फोन ठेवताना माणसं ‘ठेवते हां’ म्हणतात आणि ठेवत नाहीत, ही त्यांची सवय मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. गंगुबाई तीनदा ‘ठेवते’ म्हणत आणि चौथ्या वेळी त्यांना एखादं लोणचं आठवे. खरं सांगू, मला तो चौथ्या वेळचा भाग सगळ्यांत आवडायचा.

गंगुबाई व्रतवैकल्यं करणाऱ्या. सोळा सोमवार झाले, संकष्ट्या झाल्या, मार्गशीर्षातले गुरुवार तर चुकवतच नाहीत. दर चातुर्मासात त्या काहीतरी सोडतात. आजवर वांगं सोडत आल्या. गेल्या आषाढीला देवळात गुरुजींनी सांगितलं की सोडायचं ते जिवाला लागलेलं सोडावं. त्या विचारात पडल्या. शेजारची हौसा, वयानं लहान पण जिभेला तिखट, ती म्हणाली, “काकी, वांगं तुम्हाला आवडतं कधी? एरवीही ताटाच्या कडेला सारता. देवाला काय कळत नाही होय?”

बाईंना ते लागलं. रात्री जेवण झालं की फोनवर भजनं बघायची, माहेरच्या माणसांचे फोटो बघायचे, मग मालिका, हा त्यांचा विसावा. तोच त्यांनी सोडला. आषाढी एकादशी ते कार्तिकी, फोन ऐकायचा, बघायचा नाही. सुजय समुद्रावर सुखरूप राहावा, एवढंच मागणं. गुरुजींनी एक मुभा दिली. दाराशी कोण आलंय हे पाहण्यात दोष नाही, म्हणून फोन वाजला की नावापुरतं बघायचं आणि कानाला लावायचं. बाकी वेळ फोन विणलेल्या पिशवीत, स्वयंपाकघरातल्या खुंटीवर.

आणि नेमक्या त्याच चातुर्मासात कंपनीनं मला बंद करायचं ठरवलं.

का ठरवलं ते मला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. नवं, मोठं, रंगीत ॲप आलं होतं. त्यात सिनेमे होते, खेळ होते. माझ्याकडून फक्त निरोप पोचवून घेतला. प्रिय ग्राहक, अमुक तारखेपासून ही सेवा बंद होत आहे. श्रावणापासून मी तो निरोप दाखवत होतो. आधी लहान अक्षरांत, मग मोठ्या, मग लाल पट्टीत. खुंटीवरच्या पिशवीत, अंधारात, मी आपला पडद्यावर उजळत होतो आणि विझत होतो. मला बोलता येत नव्हतं. दुसऱ्यांचा आवाज पोचवायचा एवढंच मला शिकवलेलं, स्वतःचा आवाज मला कुणी दिलाच नव्हता.

गौरी आल्या त्या दिवशी सुजयचा फोन आला. घरात घावनांचा वास, बाई खुशीत. इकडचं-तिकडचं झाल्यावर सुजय जरा अडखळला. त्याचा करार नवरात्रात संपत होता. पुढच्या परीक्षेसाठी समुद्रावरचे महिने भरावे लागतात, म्हणून करार वाढवून घ्यायचा का, असं जहाजावर विचारत होते. वाढवला तर पुढच्या वर्षीच घरी.

“तू हो म्हणशील तरच सही करतो, आई. नाही म्हणालीस तर येतो.”

‘ये’ हा शब्द बाईंच्या जिभेवर आला होता. मी त्याच्या इतका जवळ होतो की तो मला ऐकूच आला म्हणा. पण पोराच्या परीक्षेच्या आड आपण येऊ नये, असंही त्यांना वाटलं. “विचार करून सांगते,” असं त्या जरा कोरडंच बोलल्या आणि त्या दिवशी एकदाच ‘ठेवते’ म्हणून फोन ठेवला.

विचार करायची त्यांची जागा म्हणजे ग्रामदेवीचं देऊळ. गौरी-गणपती पोचवून झाल्यावर त्या हौसाला घेऊन तिथं गेल्या. महिपत गुरवानं देवीच्या अंगावर ओल्या फुलांच्या कळ्या लावल्या आणि बाईंच्या वतीनं गाऱ्हाणं घातलं. लेकरानं घरी यावं असं तुझ्या मनात असेल तर उजवी कळी दे, माते. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी कळी सुटली. ‘आता लेकाला कळवा,’ महिपत म्हणाला. हे सगळं मी हौसाच्या तोंडून ऐकलं, कारण घरी आल्यावर ती तेच सांगत बसली होती आणि बाई नुसत्या हसत होत्या. उत्तर मिळालं होतं. आता सुजयचा फोन यायचा अवकाश.

तो आला नाही. त्याच्या आधीच माझी तारीख आली.

बंद होणं म्हणजे मरण का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. काचेच्या इमारतीत कुणीतरी एक कळ फिरवली आणि माझ्या अंगातला आवाज गेला. चित्र राहिलं. फोन चालू असतो तोवर फोनच्या कानांनी मी ऐकतो आणि त्याच्याच डोळ्यांनी बघतो, पण कुणाचं काही पोचवू शकत नाही.

भाट्यात, रत्नागिरीत घराघरांत माझी माणसं खोळंबली. कुणी मला पुनःपुन्हा दाबून बघत होतं. एक आजोबा तर रोज सकाळी दाबत, जणू मी रुसलोय आणि आज ना उद्या माझी समजूत निघेल. तरण्या पोरांनी दोन मिनिटांत नवं ॲप घेतलं आणि मला विसरली. त्यांचं मला वाईट वाटलं नाही, वयच तसं. ज्यांचे फोन जुने, त्यांच्यात ते नवं बसेना. अशा बायका स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानासमोर रांग लावून उभ्या राहिल्या. आतला मुलगा प्रत्येकीला तेच वाक्य तितक्याच शांतपणे सांगत होता. फोन बदलावा लागेल, मावशी. रांगेतच ओळखी झाल्या. जिचा फोन नवा तिनं शेजारणीला सांगितलं, तुमच्या मुलाला माझा नंबर द्या, संध्याकाळी या माझ्याकडे बोलायला. माणसं अशीच असतात. एक दार मिटलं की शेजारच्या दाराची कडी वाजवतात.

गंगुबाईंना बातमी हौसानंच दिली. हौसाचा भाऊ आखातात, त्यानं तिला नवं ॲप टाकून दिलं होतं. तिनं बाईंचा फोन मागितला. “तुम्ही नका बघू, काकी. मी बघते. व्रत तुमचं आहे, माझं नाही.” बाईंनी डोळे मिटून फोन तिच्या हातात दिला. हौसानं माझे सगळे निरोप मोठ्यानं वाचले, श्रावणातल्या पहिल्यापासून लाल पट्टीपर्यंत. बाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या.

नवं ॲप त्या फोनमध्ये बसेना. बसलं असतं तरी सुजयच्या जहाजावर ते चाललं नसतं. हौसानं जहाजाच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. जहाज ठीक आहे, मुलगा सुखरूप आहे, काही निरोप असेल तर पोचवू, असं तिकडून सांगितलं. हौसानं बाईंकडे बघितलं. बाईंनी नको म्हणून मान हलवली. सही करू नको, हा निरोप त्या ऑफिसकडूनच कसा पाठवायचा? ज्यांच्याशी करार, त्यांनाच सांगायचं की माझ्या लेकाला करार करू देऊ नका?

म्हणजे देवीचं उत्तर हातात आणि ते पोचवायला वाट नाही, अशी बाईंची गत झाली. नवरात्र जवळ येत होतं. एकदा सही झाली की वर्ष गेलं.

आणि त्याच दिवसांत तो परका नंबर येऊ लागला.

लांबलचक, आठशे सत्तरनं सुरू होणारा. नाव नाही, गाव नाही. पहिल्यांदा आला तेव्हा बाईंनी नावापुरतं बघितलं आणि गोंधळून हौसाला हाक मारली. हौसानं अंकांवर नजर टाकली आणि फोन झटक्यात कापला. परदेशी नंबर उचलला की बँक धुऊन नेतात, तिच्या नणंदेच्या दिराचं असंच झालं होतं म्हणे. मोबाईलवर हल्ली ऐकवतातच, अनोळखी नंबर उचलू नका. त्यानंतर तो नंबर आला की बाई स्वतःच कापू लागल्या. बोट घाईनं लाल गोलावर पडे, जसं दूध उतू जायला लागलं की गॅसच्या बटणावर पडतं.

मला तो नंबर माहीत होता. सुजयच्या फोनमध्येही मी होतोच ना. जहाजाच्या वरच्या मजल्यावर कप्तानाचा उपग्रहावरून चालणारा फोन असतो आणि अडल्यानडल्याला खलाशांना तो देतात, हे मी त्याच्या बोलण्यात ऐकलं होतं. आईचा फोन वाजत होता, आई कापत होती, आणि मी तिच्याच हातातल्या फोनात मुका. दुसऱ्यांचे पुष्कळ निरोप मी आयुष्यात पोचवले, पण जो एक माझा स्वतःचा होता तो माझ्यापाशीच राहिला.

घट बसले. सातवी माळ होती. तुळशीपाशी दिवा लावून, हात जोडून बाई आत आल्या. हौसा पडवीत उद्याच्या माळेची फुलं ओवत बसली होती. फोन वाजला. आठशे सत्तर.

“आला मेला चोर,” हौसा म्हणाली. “कापा गो काकी.”

बाईंनी कापला नाही. फोन हातात धरून त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. “हौसे,” त्या सावकाश म्हणाल्या, “हा नेहमी याच वेळेला येतो.”

“चोराला काय वेळ?”

“नाही गो. दिवा लावून मी आत आले की वाजतो. एकदासुद्धा दिव्याच्या आधी नाही. दिवा लावताना मी कुणाशी बोलत नाही, हे घरच्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक? दिवेलागण सांभाळून फसवायला येणारा चोर तू बघितलायस कधी?”

हौसाच्या हातातला दोरा तसाच राहिला. आणि एवढ्यात फोन वाजायचा थांबला.

उलटा फोन लावावा तर तो लागेल की नाही, कुणाला माहीत नव्हतं. बाई खाली पाटावर बसल्या, फोन मांडीवर. अंगणात अंधार उतरला. घटासमोरची वात हौसानं उठून जरा पुढे सारली, तेवढाच आवाज झाला. मग पुन्हा वाजला.

बाईंनी हॅलो म्हटलं नाही. “बोल, बाळा,” असंच म्हटलं.

तो फोन समुद्रावरून आकाशात जातो आणि आकाशातून खाली येतो, त्यामुळे शब्द पोचायला उशीर लागतो. बाईंना ते ठाऊक नव्हतं. पलीकडे शांत आहे असं वाटून त्यांनी घाईघाईनं सांगून टाकलं, “सही करू नको. ये तू.” आणि त्याच वेळी तिकडून निघालेला त्याचा प्रश्न इथं येऊन पोचला, “आई, अजून रागावलीयस?”

दोघांचे शब्द वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. मग सुजय बोलला, हळूहळू, थांबत थांबत.

“सही नाही केली, आई. तू फोन कापत होतीस ना. पहिल्यांदा वाटलं, चुकून कापला. मग रोज कापायला लागलीस. म्हटलं, आई तोंडानं ‘नाही’ म्हणणार नाही, परीक्षा आहे माझी. म्हणून कापून सांगतेय. कागद पुढे आला तेव्हा मी नको म्हणालो. पुढच्या बंदराला महिना तरी लागेल, तिथं उतरतो.”

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला पडद्याकडून कळलं नाही. फोन कानाला घट्ट दाबलेला होता आणि काच ओली होती. “मग आता कशाला केलास फोन?” त्यांनी विचारलं.

“राग गेला का, ते विचारायला.”

कप्तानाचा फोन फार वेळ मिळत नाही. तो मध्येच तुटला. बाई तशाच बसून राहिल्या. मग घटाकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या की देवीनं उजवा कौल दिला तो दिलाच, वर माझ्याच बोटानं पोचवलाही, मला मेलीला कळला नाही एवढंच.

“पण कापायला कुणी शिकवलं?” हौसा म्हणाली. “पेढे पहिले मला.”

कार्तिकी झाली. बारशीला पारणं करून बाईंनी चष्मा लावला आणि कितीतरी महिन्यांनी पडदा बघितला. भजनं नाही, फोटो नाही, आधी माझे निरोप वाचले. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक. हौसानं वाचून दाखवलेलेच होते ते, तरी पुन्हा वाचले. “अगो, हा बिचारा केव्हाचा सांगत होता,” असं त्या पुटपुटल्या. इतक्या गिऱ्हाइकांत माझी कीव करणारं एवढं एकच माणूस मला भेटलं.

मी आता काही कामाचा नाही, उगाच जागा अडवतो, काढून टाकते, असं हौसानं सुचवलं. बाईंनी तिला हात लावू दिला नाही. ज्यानं स्थापना केली त्यानंच विसर्जन करायचं, अशी रीत आहे म्हणाल्या. सुजय येईल आणि काढील.

मला बंद करणाऱ्यांवर माझा राग नाही. जुनं जातं, नवं येतं, पानं गळायचीच. फक्त एवढंच मागणं आहे. दार बंद करायचं असेल तर पाटी लावून भागत नाही. कुणाला वाचता येत नाही, कुणाचे डोळे अधू, कुणाचं व्रत चालू असतं. आतल्या माणसाला एकदा हाक मारून सांगा. तुमच्यापाशी आवाज आहे, माझ्यापाशी नव्हता.

सुजय परवा आला. उन्हानं रापलेला, जरा बारीक झालेला. आत्ता तो पडवीत बसलाय आणि फोन त्याच्या हातात आहे. आईनं सकाळीच बजावलंय, आधी नमस्कार कर आणि मग काढ. त्यानं हसत हसत कपाळाला फोन लावला. आता त्याचा अंगठा माझ्यावर टेकलाय. दाबून धरलं की मी थरथरतो, मग काढायचं की ठेवायचं असं पडदा विचारतो, आणि झालं.

मी थरथरतोय.

आतून बाईंनी हाक मारली. पान वाढलंय, भात निवेल, ये आधी.

सुजयनं फोन खाली ठेवला आणि तो आत गेला. दोघांमध्ये आता एक उंबरा तेवढा आहे. तिथं माझं काही काम नाही, आणि त्याचंच मला फार बरं वाटतंय. जेवून आला की काढील मला. सावकाश जेवू दे.